बांगडा आणि बोंबील काय खातात? : ऋतुमान व आकारमान यांनुसार बदलणाऱ्या आहाराचा अभ्यास

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातून समुद्र दिसत नाही. सह्याद्रीची रांग ओलांडून कोकणात उतरल्याखेरीज भरती-ओहोटीचे दर्शन घडत नाही. तरीही या पट्ट्यातील हजारो कष्टकरी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात समुद्राचा वास परिचयाचा आहे. आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेले सुके बोंबील, सुकटीचे ढीग, खारवलेला बांगडा आणि बर्फाच्या खोक्यांतून आलेला ताजा बांगडा हे आपल्या आहाराचे जुने घटक आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश वा पश्चिम महाराष्ट्रातून पोटासाठी येथे आलेल्या मंडळींनी गावाकडून जे थोडे सामान बरोबर आणले, त्यात सुकटीची पुरचुंडी बहुधा असेच.

हा मासा आपण खातो. पण तो मासा स्वतः काय खातो, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "मोठा मासा लहान माशाला खातो." हे उत्तर पूर्ण चूक नाही, मात्र ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातच आजच्या पाठाचा विषय दडलेला आहे. एकच जातीचा मासा बालपणी एक अन्न खातो, मोठेपणी दुसरे. पावसाळ्यानंतर एक खातो, उन्हाळ्यात दुसरे. हे बदल का होतात, ते कसे शोधून काढतात आणि त्यांचा आपल्या ताटाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी आपल्या परिचयाचे दोन मासे निवडले आहेत : बांगडा आणि बोंबील.

पोटातील पुरावा

इतिहासाचा अभ्यासक ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि कागदपत्रे यांच्या आधारे भूतकाळ उभा करतो. मत्स्यशास्त्रज्ञाचे साधन त्याहून साधे आहे : माशाचे पोट. समुद्राखाली मासा काय खातो हे पाहत बसणे शक्य नसते. म्हणून वर्षभर, दर महिन्याला, बंदरावर उतरलेल्या मासळीतून लहान-मोठ्या सर्व आकारांचे नमुने घेतले जातात. प्रत्येक माशाची लांबी व वजन नोंदवतात, नर की मादी हे पाहतात, अंडी वा वीर्यग्रंथी किती पक्व आहेत हे नोंदवतात आणि मग जठर काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. पचनक्रिया थांबवण्यासाठी हे आवश्यक असते. जठर रिकामे आहे, पाव भरले आहे, अर्धे आहे, पाऊण आहे की तुडुंब भरले आहे, हीदेखील एक महत्त्वाची नोंद होय. शेवटी आतील पदार्थ भिंगाखाली व सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे करतात.

येथे एक अडचण उभी राहते. एखाद्या जठरात शंभर सूक्ष्म जीव आणि एकच कोळंबी सापडली, तर मुख्य अन्न कोणते मानावे? संख्या मोजली तर सूक्ष्म जीव; आकारमान मोजले तर कोळंबी. शिवाय एखादे अन्न दहांपैकी एकाच माशाच्या पोटात भरपूर सापडले, तर त्याला त्या जातीचे मुख्य अन्न म्हणावे काय? ही अडचण सोडवण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञ ए. व्ही. नटराजन आणि ए. जी. झिंगरन यांनी १९६१ साली 'प्राबल्य निर्देशांक' नावाची पद्धत मांडली. तिचे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतके सोपे आहे. एखाद्या अन्नाचा एकूण आकारमानातील शेकडा वाटा आणि ते अन्न किती टक्के माशांच्या पोटात आढळले, या दोन संख्यांचा गुणाकार करायचा. सर्व अन्नप्रकारांच्या गुणाकारांची बेरीज करून प्रत्येकाचा शेकडा वाटा काढायचा.

केवळ उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. समजा, काही बांगड्यांच्या पोटात एकूण आकारमानाच्या ५० टक्के डायटम होते आणि ते ४० टक्के माशांत आढळले, गुणाकार २०००. कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव आकारमानाने ३० टक्के, पण ८० टक्के माशांत आढळले, गुणाकार २४००. कोळंबीची पिल्ले २० टक्के, आणि ३० टक्के माशांत, गुणाकार ६००. बेरीज झाली ५०००. म्हणजे डायटमचा वाटा ४० टक्के, कोपेपॉडचा ४८ टक्के आणि कोळंबीच्या पिल्लांचा १२ टक्के. आकारमानाने डायटम पुढे दिसत होते. परंतु सर्वांत अधिक माशांचा रोजचा आधार कोपेपॉड ठरले. थोड्यांच्या पोटात साचलेले आणि पुष्कळांच्या पोटात पोहोचलेले यांत फरक करणारे हे गणित आहे.

ऐतिहासिक साधनांप्रमाणे याही पुराव्याची चिकित्सा करावी लागते. मऊ शरीराचे भक्ष्य लवकर पचते, कवचधारी भक्ष्याचे अवशेष मागे राहतात. त्यामुळे कवचधाऱ्यांचा वाटा फुगून दिसण्याचा संभव असतो. काही मासे जाळ्यात अडकल्यावर शेजारच्याच लहान जीवांवर ताव मारतात. ते त्यांचे नित्याचे अन्न असेलच असे नाही. म्हणून एका महिन्याच्या, एका बंदराच्या वा एकाच आकाराच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

बांगडा : लहानपणीचे अन्न आणि मोठेपणीचे अन्न

बांगड्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता. यातील 'कानागुर्ता' हा शब्द लॅटिन नव्हे. पॅट्रिक रसेल यांनी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या दोनशे माशांचे वर्णन करणारा ग्रंथ १८०३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तेथील स्थानिक नावे नोंदवली होती. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी त्याच ग्रंथातील नाव या माशाला दिले. ज्या मच्छीमारांनी रसेलला ते नाव सांगितले त्यांची नावे ग्रंथात उरली नाहीत. त्यांचा शब्द मात्र जगभरच्या शास्त्रग्रंथांत कायम झाला.

बांगड्याचे तोंड उघडून पाहिले तर कल्ल्यांच्या कमानींवर लांब, दाट, पिसांसारख्या काड्यांची रांग दिसते. ही त्याची गाळणी. तोंड उघडे ठेवून पोहताना पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जाते आणि पाण्यातील सूक्ष्म जीव गाळणीवर अडकतात. या तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना 'प्लवक' म्हणतात. त्यांचे दोन वर्ग : सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे वनस्पती-प्लवक, ज्यांत डायटम प्रमुख, आणि त्यांच्यावर जगणारे प्राणी-प्लवक, ज्यांत कोपेपॉड, इतर सूक्ष्म कवचधारी आणि नाना जीवांची पिल्ले येतात.

बांगड्याची पिल्ले डायटम आणि अगदी लहान प्राणी-प्लवक यांवर वाढतात. आकार वाढत जातो तसा आहार हळूहळू बदलतो. पूर्ण वाढलेला बांगडा कोळंबीची व माशांची पिल्ले यांसारखे मोठे प्लवक अधिक पसंत करतो. विशेष म्हणजे या बदलाची खूण त्याच्या शरीरातही उमटते : वाढत्या वयाबरोबर त्याचे आतडे शरीराच्या लांबीच्या मानाने आखूड होत जाते. वनस्पतिजन्य अन्न पचवण्यास वेळ लागतो, त्यासाठी लांब आतडे सोयीचे. प्राणिजन्य अन्न लवकर पचते, त्याला आखूड आतडे पुरते. बेडूकमाशाचे वेटोळ्यांचे लांब आतडे बेडूक होताना आखूड होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. बांगड्यातील बदल तितका झपाट्याचा नसतो, पण तत्त्व तेच.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. बांगड्याच्या पिल्लांना आणि प्रौढ बांगड्यांना अन्नासाठी एकमेकांशी फारसे झगडावे लागत नाही. दोघे एकाच समुद्रात राहतात, परंतु त्यांचे ताट निराळे असते. आकारमानानुसार आहार बदलण्याचा हा मोठा लाभ होय.

बांगडा : ऋतुचक्र

आता ऋतूंकडे वळू. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे वाहतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ व कर्नाटकाच्या पट्ट्यात, या काळात खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे पोषक क्षार विपुल असतात. उत्तरेकडे सरकताना या क्रियेचा जोर कमी होत जातो. त्यात नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाची व क्षारांची भर पडते. शेतात खत पडावे आणि पीक तरारून यावे तसे समुद्रात डायटमचे पीक येते. डायटम वाढले की त्यांवर जगणारे कोपेपॉड वाढतात. कोपेपॉड वाढले की त्यांवर जगणारे इतर जीव वाढतात. हा क्रम आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने पुढे सरकतो.

पावसाळा ओसरल्यावर बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात. सिंधुदुर्ग, गोवा व कारवारच्या किनाऱ्यावर रापण लावून ओढतात ती याच सुगीत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोकांनी माणसांनी ओढायचे लांबलचक जाळे. पुष्कळ हातांनी ओढायचे आणि आलेली मासळी वाटून घ्यायची, अशी ही सामूहिक पद्धत आहे.

या ऋतुचक्राचा अभ्यास आपल्या देशातही झाला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. बी. एस. भीमाचार आणि पी. सी. जॉर्ज यांनी बांगड्याच्या आहारावरील आपली निरीक्षणे १९५२ साली प्रसिद्ध केली. गोव्याच्या सीमेलगतच्या कारवार बंदरावर एल. बी. प्रधान यांनी बांगड्याच्या मासेमारीचा अभ्यास केला व तो १९५६ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतर ए. नोबल यांनी कारवारच्याच बांगड्याच्या आहाराचा स्वतंत्र अभ्यास केला. अशा अभ्यासांतून दिसते ते असे की, बांगड्याच्या पोटातील अन्न हे त्या-त्या महिन्यात समुद्रात उपलब्ध असलेल्या प्लवकांचे बरेचसे प्रतिबिंब असते. डायटमची सुगी असेल तेव्हा पोटात डायटम अधिक, कोपेपॉडची असेल तेव्हा कोपेपॉड अधिक.

ऋतूचा दुसरा परिणाम माशाच्या स्वतःच्या शरीरातून घडतो. अंडी वा वीर्य पक्व झाले की पोटाची पोकळी त्याच ग्रंथींनी भरून जाते. अशा काळात पुष्कळ माशांची जठरे रिकामी किंवा अर्धवट भरलेली आढळतात. प्रजनन उरकल्यावर मासा पुन्हा भरपूर खातो आणि त्याच्या अंगी चरबी साठते. पावसाळ्यानंतरचा बांगडा अधिक चवदार लागतो, हे खाणाऱ्यांनी जिभेने ओळखलेले सत्य आहे. शास्त्रज्ञांनी त्याचे कारण जठरात व चरबीच्या प्रमाणात शोधले.

समुद्राची सुगी कधी बिघडतेही. काही जातींच्या सूक्ष्म जीवांची एकाएकी बेसुमार वाढ होऊन पाणी तांबडे वा हिरवे दिसू लागते. भीमाचार व जॉर्ज यांनी १९५० साली असा विचार मांडला होता की, मलबार व कानडा किनाऱ्यावरील मासेमारी अधूनमधून अचानक कोसळते त्यामागे हे 'तांबडे पाणी' असावे. ज्या पाण्यात योग्य अन्न नाही तेथून थवे दूर निघून जातात, आणि मग त्या वर्षी किनाऱ्यावरच्या चुलीही थंड पडतात.

बोंबील : मोठ्या तोंडाचा शिकारी

बोंबलाची गोष्ट वेगळी. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील ग्रंथात याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव हार्पाडॉन नेहेरियस असे आहे. हा मासा भारताच्या साऱ्या किनाऱ्यावर सारखा आढळत नाही. गुजरात व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो विपुल, मग मोठी खंड पडते, आणि पुन्हा बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाकडे तो भेटतो. गढूळ पाणी, मोठ्या भरत्या आणि नद्यांची मुखे त्याला मानवतात.

बोंबलाचे शरीर लिबलिबीत, मऊ; त्यात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. पण त्याचे तोंड पाहावे! जबडा डोळ्यांच्या बराच मागेपर्यंत फाटलेला आणि त्यात आत वळलेले सुईसारखे दात. भक्ष्य एकदा आत गेले की मागे फिरू शकत नाही. कोळी भगिनी बोंबील वाळत घालताना याच दातांचा उपयोग करतात : दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या मांडवावरील दोरीवर टांगतात. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा येथील किनाऱ्यांवर हे दृश्य हिवाळ्यात सर्रास दिसते. आपल्या बाजारात येणाऱ्या कडकडीत बोंबलाचा जबडा उघडा का असतो, याचे उत्तर यात आहे.

बोंबील गाळून खात नाही, तो शिकार करतो. लहान बोंबलाचा मुख्य आधार म्हणजे जवळा, इतर कोळंबींची पिल्ले व तत्सम लहान कवचधारी. आकार वाढतो तसा तोंडाचा घेर वाढतो, आणि भक्ष्याचा आकारही. मोठ्या बोंबलाच्या पोटात मोठी कोळंबी, मांदेली, इतर लहान मासे आढळतात. आणि त्यांच्याच बरोबर बोंबलाची पिल्लेही. बोंबील स्वजातीयांना खातो, ही गोष्ट मत्स्यशास्त्रात नीट नोंदलेली आहे. तरीही जवळ्याचे महत्त्व मोठ्या वयातही संपत नाही. ज्या महिन्यांत जे भक्ष्य दाट, तेच पोटात अधिक, हा न्याय येथेही लागू पडतो. एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरील विस्तृत प्रबंध १९७० साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासकांना तो पायाभूत ठरला.

बांगडा आणि बोंबील यांची तुलना केली तर वाढीच्या वाटा किती भिन्न असू शकतात ते दिसते. बांगडा वाढला तरी त्याचे अन्न बारीकच राहते. फक्त बारीक वनस्पतीकडून थोड्या मोठ्या प्राण्यांकडे ते सरकते. बोंबील मात्र वाढत्या वयाबरोबर शिकारीची पायरी चढत जातो आणि अखेर स्वतःच्याच पिल्लांपर्यंत पोहोचतो.

जवळा : दोन ताटांतील एकच अन्न

आता आपण या पाठाच्या गाभ्याशी आलो. बोंबलाचे मुख्य अन्न असलेला जवळा म्हणजे दोन-चार सेंटिमीटर लांबीची, जवळजवळ पारदर्शक, इवलीशी कोळंबी. तोच वाळवला की आपली सुकट. कांदा, लसूण, तिखट घालून परतलेली सुकट आणि ज्वारी-बाजरीची भाकरी या एका जेवणावर किती घरांनी किती पिढ्या काढल्या, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. मटण परवडत नसे, ताजी मासळी देशावर पोहोचत नसे. अशा काळात मूठभर सुकटीने प्रथिने दिली. सबंध जीव कवचासह खाल्ला जात असल्याने तिच्यातून चुन्याचा अंशही मिळतो.

म्हणजे जवळा हे बोंबलाचेही अन्न आणि गरीब माणसाचेही. जवळा, मांदेली आणि बोंबील हे तिघेही बहुधा एकाच डोळीच्या जाळ्यात येतात. हे पिशवीसारखे निमुळते जाळे भरतीच्या प्रवाहात खुंटांना अडकवून उभे करतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असल्याने त्यात मासळी अधिक येते, भांगाच्या दिवसांत कमी. जाळ्याच्या शेपटाकडील आस बारीक असल्याने जवळा सापडतो, पण त्याचबरोबर मोठ्या माशांची पिल्लेही सापडतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याअभावी दोष भलत्यांच्या माथी मारला जातो. काही मासे जातीनेच लहान असतात, तर काही मासे वयाने लहान असतात. जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या दोन पेरांएवढा. मांदेली पूर्ण वाढली तरी वीतभरही नाही. त्या खाण्यात बालहत्या नाही. परंतु करंगळीएवढी सुरमई किंवा बोटभर बोंबील ही पिल्ले होत. त्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. दोन्ही टोपल्या 'बारीक मासळी' याच नावाने विकल्या जातात, पण त्यांचा अर्थ निराळा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती याच विचाराने. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना असलेली मासेमारीबंदीदेखील प्रजननाच्या हंगामाला मोकळीक देते. हे नियम पाळले जाणे महत्त्वाचे आहे. त्याचबरोबर लहान मासळीचा मोठा भाग माणसांच्या ताटात न येता कोंबड्यांच्या व कोळंबी-शेतीच्या खाद्यासाठी भुकटी करणाऱ्या कारखान्यांकडे जातो, हेही विसरून चालणार नाही. जवळा वा तारली तेथे गेली की बोंबलाचा घास कमी होतो आणि सुकट घेणाऱ्या बाईची मूठही लहान होते. सुकटीचा भाव वाढला, एवढेच आपल्याला बाजारात दिसते. त्यामागची साखळी पोटातील पुराव्यांवरून उलगडते.

सुकटीविषयी आणखी एक गोष्ट येथे नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते. शहरात खोली भाड्याने घेताना "घरात सुके मासे करणार का?" असा प्रश्न अनेक कुटुंबांना विचारला जातो. त्यामुळे काही मुले डब्यात सुकट नेण्यास लाजतात आणि घरी काय शिजते ते लपवतात. ज्या अन्नाने आपली हाडे घडली त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ज्याला सुकट खावयाची नाही त्याने ती खाऊ नये; ती त्याची निवड. मात्र ती खाणाऱ्याला हीन लेखण्यास शास्त्रात कोणताही आधार नाही.

'मत्स्यन्याय' आणि प्रत्यक्ष मासे

प्राचीन भारतीय राजनीतीत 'मत्स्यन्याय' हा शब्द येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात म्हटले आहे की, दंड म्हणजे शासन नसेल तर बलवान दुर्बळाला गिळतो, जसे मोठे मासे लहानांना. पाल घराण्यातील धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात अशीच एक नोंद आहे : मत्स्यन्याय संपवण्यासाठी प्रकृतींनी, म्हणजे लोकांनी, गोपालाला राजा केले. हा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा. मत्स्यन्याय ही टिकवण्याची व्यवस्था नसून संपवण्याची आपत्ती आहे, अशी या दोन्ही साधनांची भूमिका आहे, हे ध्यानात घ्यावे. पुढे मात्र "जगाची रीतच अशी" असे म्हणत अनेकांनी या दृष्टान्ताचा उपयोग अन्यायाचे समर्थन करण्यासाठी केला.

प्रत्यक्ष माशांच्या पोटात पाहिले तर हा दृष्टान्त अर्धाच खरा ठरतो. बोंबील त्याला साक्ष देतो. बांगडा देत नाही. जगातील सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क बारा मीटरहून अधिक लांब होतो आणि तोही मुख्यतः प्लवक गाळून जगतो. एकाच माशाचे अन्न वयाने बदलते, ऋतूने बदलते, उपलब्धतेने बदलते. जन्मावरून ते कायमचे ठरत नाही. समुद्रातून समाजासाठी नियम आणणे ही मुळातच घसरती वाट आहे, कारण माशाला विवेक नाही आणि माणसाला आहे. तरीही कोणी निसर्गाचा दाखला देणारच असेल, तर त्याने निदान तो दाखला पूर्ण वाचावा.

आपल्या घाटमाथ्याचा संबंध

लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेस मिळते आणि तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला उगम पावणारी उल्हास नदी वसईच्या खाडीस मिळते, जेथे बोंबलाच्या डोळी उभ्या असतात. म्हणजे डोंगराच्या एका अंगास पडलेला पाऊस बोंबलाच्या समुद्रात जातो, तर दुसऱ्या अंगास पडलेला कितीतरी दूरच्या समुद्रात. नदीचे पाणी पोषक क्षार नेते, तसेच मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणीही नेते. इंद्रायणीवर आळंदीत दिसणारा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातले विष आपल्या ताटात येत नाही असे समजून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. ते वाटेवरच्या कोणाच्या तरी ताटात जाते.

विद्यार्थी व पालक यांच्यासाठी स्वाध्याय

वाचून सोडून देण्यापेक्षा स्वतः पाहिलेले अधिक टिकते. म्हणून पुढील कृती सुचवीत आहोत. त्यांना विशेष खर्च येत नाही.

१. घरी ताजा बांगडा आणाल तेव्हा साफ करण्यापूर्वी पट्टीने त्याची लांबी मोजा. कल्ल्यांचे झाकण उचलून गाळणीच्या काड्या पाहा. पोट काढल्यावर जठर वेगळे करून ते रिकामे, अर्धे की भरलेले आहे ते नोंदवा. जठरातील द्रव पांढऱ्या बशीत पाण्यात मिसळून साध्या भिंगाने पाहा.

२. ही नोंद महिन्यातून एकदा, सलग वर्षभर करा. तारीख, लांबी, जठराची स्थिती आणि पोटात अंडी आहेत की नाहीत असे चार रकाने पुरेत. वर्षअखेर कोणत्या महिन्यांत जठरे रिकामी होती ते तपासा.

३. आठवडे बाजारात सुक्या बोंबलाची लांबी व भाव दर महिन्याला लिहून ठेवा. लांबी वर्षागणिक कमी होत आहे का? असल्यास त्याची कोणती कारणे संभवतात?

४. सुकटीच्या मुठीत जवळ्याखेरीज आणखी कोणते जीव सापडतात ते वेगळे करा. जातीने लहान कोणते आणि वयाने लहान कोणते, याची यादी करा.

५. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी सुकट-बोंबील कोठून येत असे, कोण विकत असे, ते पैशाने घेत की धान्याच्या बदल्यात? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हाही इतिहासच आहे, आणि तो लिहून ठेवला नाही तर हरवेल.

आमचे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, रुग्णालयांत, बँकांत आणि शाळांत काम करीत आहेत. त्यांपैकी कोणी वरील नोंदी वर्षभर ठेवून शाळेकडे पाठवल्या, तर विज्ञानाच्या वर्गात त्यांचा तक्ता लावता येईल आणि पुढील तुकडीला आपल्याच माणसांनी गोळा केलेल्या आकड्यांवर प्राबल्य निर्देशांकाचे गणित सोडवता येईल. पुस्तकातील आकड्यापेक्षा असा आकडा मुलांच्या अधिक लक्षात राहतो, असा आमचा अध्यापनाचा अनुभव आहे.